दुसऱ्याच्या अंगाला न बसणारा कोट

होईल मास्तरांचं खरं नाव गल्लीत कोणाला विचारलंत तर लोक आधी डोकं खाजवायचे. गिऱ्हाइकाने काहीही सांगितलं तरी मास्तरांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. परवापर्यंत पँट हवी? होईल. जुना कोट पोटावर बसत नाही, सैल होईल का? होईल. गिऱ्हाईक खूश होऊन पायरी उतरलं, की मास्तरांची घालमेल सुरू व्हायची. मग ते कोट उलटा करून बघायचे, सुलटा करून बघायचे, चष्मा पुसायचे आणि बायकोला विचारायचे, "होईल ना गं?"

"हो म्हणायला ह्यांना एक क्षण लागतो आणि घोर लावून घ्यायला आठवडा," असं ती म्हणायची, आणि ती कमीच सांगत होती.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला लाँड्री, त्यामुळे आत नेहमी ओल्या वाफेचा वास. मधोमध बेतायचं मोठं टेबल, ज्याच्या कडा मास्तरांच्या पोटाने घासून गुळगुळीत झालेल्या. कोपऱ्यात तीन पानांचा आरसा. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे, छातीच्या मापाप्रमाणे ओळीने. गिऱ्हाईक आलं की माप घ्यायचं, जवळचा फर्मा उतरवायचा, कापड दुहेरी घडी घालून पसरायचं, फर्मा त्यावर ठेवून इकडे बोटभर वाढवायचं, तिकडे बोटभर कमी करायचं, की कोट तयार. उजवी बाजू आणि डावी बाजू एकाच कात्रीत. मास्तरांनी उभा जन्म असाच काढला होता आणि कोणी तक्रार केली नव्हती. बायको खिडकीशी मशीनवर बसायची, काज आणि हातशिलाईही तिचीच.

त्यांची लेक कपड्यांचं डिझाइन शिकली होती. मोठ्या शोरूममध्ये काही वर्षं नोकरी करून ती परत आली आणि पहिल्यांदा तिची नजर पाटीवर गेली.

"बाबा, 'टेलर' एवढंच लिहून भागत नाही आता. टेलर म्हणजे पँटची लांबी कमी करून देणारा, असं वाटतं लोकांना. आपण 'बिस्पोक' लिहू."

"होईल," मास्तर म्हणाले, आणि मग विचारलं, "म्हणजे काय?"

लेकीने टेबलावर हात टेकले. "इंग्रजी शब्द आहे. उंची कपड्यांतला. पूर्वी म्हणे गिऱ्हाईक ताग्यातलं कापड पसंत करायचं आणि शिंपी ते बाजूला ठेवायचा. हे बोललेलं आहे, आता दुसऱ्याला द्यायचं नाही. 'बोलून ठेवलेलं', यावरून तो शब्द आला असं सांगतात. आज त्याचा अर्थ असा की कपडा एकाच माणसासाठी. कागदावर त्याच्या अंगाचा खाका नव्याने काढायचा, त्यावरून बेतायचं, कच्ची शिलाई घालून त्याच्या अंगावर चढवून बघायचं, उसवायचं, परत शिवायचं. निम्म्याहून जास्त काम हाताचं."

मास्तरांची नजर भिंतीकडे गेली. "आणि फर्मे?"

"फर्मे नाही चालत. फर्मा सरकवून शिवलं तर त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो खालच्या पायरीवरचा आहे."

"अंगाबरहुकूम म्हणा की सरळ," बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "आपल्यात तेच म्हणतात."

"आई, अंगाबरहुकूम लिहिलं तर कोण आत येईल?"

हे मात्र खरं होतं. शब्दांची हवा असते, आणि या शब्दाची तेव्हा जोरात होती. कोपऱ्यावरच्या बेकरीने 'बिस्पोक केक' लिहिलं होतं, सलूनवाल्याने 'बिस्पोक कटिंग', आणि चष्म्याच्या दुकानात 'बिस्पोक फ्रेम', आत सगळ्या फ्रेमा एकाच खोक्यातून आलेल्या. लोकांना शब्द मिळाला की ते त्याचा अर्थ विचारत बसत नाहीत, तो लावून मोकळे होतात. मास्तरांना यामुळे धीर यायला हवा होता. सगळेच खोटं लिहितात तर आपलं काय जातंय? पण मास्तरांचा स्वभाव तसा नव्हता. पाटी लागली आणि त्यांच्या जिवाला भुंगा लागला. कोणी पायरीपाशी थांबून पाटी वाचू लागलं की ते आतल्या आत आकसायचे. फर्मे तर त्यांनी पडद्यामागे नेऊन टांगले, आणि काम आलं की पडद्यामागे जाऊन उतरवून आणायचे, चोरासारखे. नशिबाने कोणी खोलात शिरलं नाही. एकदोघांनी अर्थ विचारला. मास्तर "अंगाबरहुकूम" म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं.

आणि मग लिफ्टमन आला.

आला तो हळूहळू. आधी काठी पायरीवर, मग डावा पाय, मग उजवा ओढत. वय झालेलं, दाढी स्वच्छ, काखेत तपकिरी कागदाचं पुडकं. मोठ्या हॉटेलातली लिफ्ट त्याने आयुष्यभर वर-खाली केली होती. निवृत्त झाल्यावर झटका आला आणि उजवी बाजू अधू झाली. आत आल्या आल्या त्याने विचारलं, "पाटीवर लिहिलंय ते खरं का?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे?"

"बिस्पोक. खरंखुरं, का केकवाल्यासारखं?"

लेक पुढे झाली. "खरं, काका. बसा ना."

पण तो बसला नाही. पुडकं टेबलावर ठेवून डाव्या हाताने त्याने दोरी सोडली. आत गडद निळं लोकरी कापड होतं. मास्तरांनी नुसती बोटं फिरवली आणि त्यांना कळलं की असं कापड आपल्या टेबलावर आजवर आलेलं नाही.

"निवृत्तीला सगळ्यांनी मिळून दिलं," लिफ्टमन म्हणाला. "स्वयंपाकघरापासून दारवानापर्यंत. एका कोटापुरतंच आहे. मी लिफ्टमध्ये माणसांच्या पाठी बघितल्यात, साहेब. माणूस आत येतो, दाराकडे तोंड करतो, मला त्याची पाठ दिसते. कोणाचा कोट दुकानातून तयार, नंबरावर घेतलेला आणि कोणाचा त्याच्याचसाठी शिवलेला, मला मानेपाशीच कळायचं. माझा स्वतःचा, हॉटेलने दिलेला, नंबरावरचा. मी दोन नंबरांच्या मधला. बाह्या कायम बोटांपर्यंत."

"होतं असं," मास्तर उगाच म्हणाले.

"निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात त्यांनी तो काढून घेतला. नवा माणूस तिथेच उभा होता. त्याच्या अंगावर चढवला. तो त्याला माझ्याइतकाच बसला." त्याने कापडाची घडी सारखी केली. "पुढच्या महिन्यात हॉटेलात जुन्या कामगारांना जेवायला बोलावलंय. मोठ्या हॉलमध्ये, पुढच्या दाराने. मला एक कोट हवा, जो दुसऱ्या कोणाला बसता कामा नये. होईल?"

मास्तर म्हणाले, "होईल."

मास्तर टेपने माप घेऊ लागले. लेक आकडे लिहून घेत होती. लिफ्टमन आरशासमोर ताठ उभा राहिला, लिफ्टमध्ये राहत असेल तसा, पण उजवा हात तेवढा लोंबत होता. माणसाच्या दुखऱ्या बाजूकडे टक लावून बघू नये, एवढं वळण मास्तरांना होतं. त्यांनी नजर टेपवर ठेवली. आणि सगळे शिंपी घेतात तसं माप उजव्या बाजूने घेतलं. खांद्याचा उतार उजवीकडचा, बाही उजवीकडची. एका बाजूचं घेतलं की दुसरीचं कळतंच, असं कोणीही सांगेल.

बेताना मात्र त्यांनी कसर सोडली नाही. पडद्यामागे गेले नाहीत. नवा कागद पसरून खाका काढला, लेकीकडून दोनदा तपासून घेतला. मग कापड टेबलावर घातलं, आणि हातांनी आपलं आपण त्याची दुहेरी घडी केली. जन्मभराच्या सवयीला कोण विचारायला जातं? कात्री चालली. दोन्ही बाजू एकदम कापल्या गेल्या. मास्तरांनी सुस्कारा सोडला, आणि त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते बटणं आणायला बाजारात निघाले होते. चौकात गर्दी थांबली होती आणि त्यांच्या पुढे लिफ्टमन उभा होता, पाठमोरा, काठीवर भार टाकून. माणूस समोरून कसा दिसावा हे त्याच्या हातात असतं. पाठीमागून तो असतो तसा दिसतो. उजवा खांदा चांगला दोन बोटं खाली होता. डावा वर. मान त्या हिशेबाने कललेली.

मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी माप घेतलं होतं ते खाली गेलेल्या खांद्याचं, आणि डावा खांदाही तेवढाच उतरता कापला होता. म्हणजे कोट डावीकडे ओढला जाणार, मानेपाशी कॉलर सुटणार. आणि मानेपाशीच तर या माणसाला कळतं. शिवणीत त्यांनी माया ठेवली होती, म्हणजे सैल करायला लागेल तेवढं जास्तीचं कापड, पण ते बाजूला आणि खालच्या काठाच्या दुमडीत, घोळात. खांद्यावर नेहमीसारखी जेमतेम. नवं कापड कुठून आणणार? बटणं न घेताच ते परतले.

घरी ते मूग गिळून बसले. इस्त्रीने आणि कोटाच्या आत घालायच्या कडक कॅन्व्हासने निम्मे दोष झाकता येतात हे प्रत्येक शिंप्याला माहीत असतं, आणि मास्तर तेच मनात घोळवू लागले. उजवीकडे गादी भरली तर? माणसाला स्वतःची पाठ थोडीच दिसते? पण हॉटेलात त्याची पाठ बघायला दुसरा लिफ्टमन असणार होता, तोच नवा माणूस, याचा जुना कोट घातलेला. हा विचार आला की मास्तरांच्या हातातली सुई थांबायची. जेवताना विचारलेलं त्यांना ऐकू जाईना. शेजारच्या किल्लीवाल्याने "काय मास्तर, तब्येत बरी ना?" विचारलं तर ते "होईल, होईल" म्हणाले.

ठरलेल्या दिवशी लिफ्टमन कच्चा कोट घालून बघायला आला. मास्तर दारातच म्हणाले, "कॅन्व्हास आलं नाही अजून." तो बरं म्हणून गेला. पायरी उतरायला त्याला किती वेळ लागतो हे मास्तरांनी आतून बघितलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "मशीन बिघडलंय हो."

मशीन त्या वेळी खिडकीशी खडखडत होतं. बायको त्यावर अस्तर शिवत होती. तिने पायडलवरचा पाय उचलला आणि मशीन गप्प झालं. लिफ्टमनने एकदा मशीनकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे. "बरं," म्हणाला आणि वळला.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "बिघडलं होतं तर मला सांगायचंत. मी उगाच शिवत बसले."

मास्तर स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेक टेबलापाशी उभी होती. तिने पडद्याआडून कच्चा कोट आणला, खांदा चाचपला आणि तिचा चेहरा पडला.

"आकडे मी लिहिले," ती म्हणाली. "मी पण बघितलं नाही उजवीकडे. एवढा त्या शब्दाचा अर्थ सांगत फिरते मी. पाटी उतरवू या का, बाबा?"

"पाटी उतरवून त्याचा कोट होणार आहे का?" बायको म्हणाली. "त्याला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही दोघांनी बघितलं नाही. आता त्याला बरं वाटावं म्हणून तरी बघा. जा, बोलावून आण त्याला."

लेकीने त्याला रस्त्यातच गाठलं. लिफ्टमन परत आला, तोवर मास्तरांनी कपाळ तीनदा पुसलं होतं. पांढऱ्या धावदोऱ्याचा, अजून एकच बाही जोडलेला तो कोट त्यांनी त्याच्या अंगावर चढवला आणि बाजूला झाले. त्यांना वाटलं होतं तसंच झालं होतं. डावीकडे कापड ताणलं गेलं होतं आणि कॉलर मानेपासून बोटभर सुटली होती.

लिफ्टमनने आरशात बघितलं. कॉलर त्याला दिसली, यात शंकाच नको. मग त्याने काठीवर जोर देऊन उजवा खांदा वर ओढला, डावा खाली सोडला, मान आत घेतली, आणि अंग असं काही चोरलं की कोट जवळजवळ सरळ दिसू लागला. ओठ घट्ट मिटलेले. "छान बसलाय, साहेब," तो म्हणाला.

बाह्या बोटांपर्यंत येत होत्या तेव्हाही हा माणूस असाच उभा राहिला असणार. कोणीतरी विचारलं असेल, बसला का रे? आणि याने हात आखडून घेऊन हो म्हटलं असेल, वर्षानुवर्षं.

"नाही बसला," मास्तर म्हणाले.

खिडकीशी बायकोने मान वर केली. हा शब्द तिने त्यांच्या तोंडून फारसा ऐकला नव्हता.

"नाही बसला. चूक माझी. मी एकाच बाजूचं माप घेतलं आणि दोन्ही बाजू एकदम कापल्या. कॅन्व्हास आलेलं होतं, मशीनही बिघडलं नव्हतं. मी भ्यालो होतो."

लिफ्टमन तसाच अंग चोरून उभा होता. "चालेल हो. माझंच अंग वाकडं, त्याला तुम्ही काय करणार? एका रात्रीचा तर प्रश्न आहे. मी धरून उभा राहीन."

"धरून उभं राहू नका. सोडा."

"पडेल तो खांदा."

"पडू द्या. जसे घरी उभे असता तसे उभे राहा."

मग लिफ्टमनने श्वास सोडला आणि खांदा खाली आला. मास्तर त्याच्या उजवीकडे गेले. यावेळी त्यांनी नजर चोरली नाही. त्या उतरलेल्या खांद्यावर त्यांनी तळवा ठेवला, हाड कुठे आहे ते चाचपलं, मग डाव्यावर ठेवला, मग परत उजव्यावर. माप उजवीकडचं वेगळं घेतलं, डावीकडचं वेगळं. मग डाव्या खांद्याची शिवण त्यांनी त्याच्या अंगावरच टरकन उसवली. लिफ्टमन दचकला.

"यातून निघेल का पण?" त्याने हळूच विचारलं.

मास्तरांच्या जिभेवर तो जुना शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. "माहीत नाही," ते म्हणाले. "डावा भाग सगळा बोटभर वर उचलून खांदा नव्याने कापावा लागेल. लांबी कमी पडेल ती खालच्या घोळातली माया सोडून भरायची. कापड तेवढंच आहे. कात्री चुकली तर संपलं."

"मग?"

"तुम्ही म्हणाल तसं."

लिफ्टमनने आरशात त्या उसवलेल्या खांद्याकडे बघितलं. "कापा," तो म्हणाला.

त्यानंतर मास्तरांनी कापड एकेरी पसरलं, डावा भाग एकटा. खडूची रेघ मारली, पुसली, परत मारली. लेकीने मापं पुन्हा लावून बघितली. मास्तरांनी कात्री उचलली आणि खाली ठेवली, उचलली आणि खाली ठेवली, आणि शेवटी बायकोने येऊन कापडाचं दुसरं टोक धरलं तेव्हा कापलं. लिफ्टमन येत राहिला. कॉलर आधी पुढे पडली, मग वर चढली, मग मानेला टेकली. घोळाला आतून अस्तराची पट्टी लावावी लागली, कारण दुमडायला कापड उरलं नाही. टेकलेली कॉलर टेकलेलीच राहील की इस्त्रीनंतर सुटेल, या धास्तीने मास्तर इस्त्रीही गार करून फिरवायचे आणि मग ती गरम नाही म्हणून लेकीवर डाफरायचे.

जेवणाच्या दिवशी दुपारीच लिफ्टमन आला. पांढरा शर्ट, टाय बहुधा त्याच्या बायकोने बांधून दिलेला. कोट हँगरवर तयार होता. मास्तर तो घेऊन पुढे झाले, पण लिफ्टमनने डावा हात वर केला.

"आधी तुम्ही घाला."

"मी?"

"तुम्ही आणि मी साधारण एकाच चणीचे. घालून दाखवा."

मास्तर गोंधळले. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग कोट अंगावर चढवला आणि आरशासमोर उभे राहिले. उजवा खांदा बसेना. तिकडचं कापड खांद्याशी ताणलं गेलं आणि काखेत त्याच्या चुण्या पडल्या. पुढचा भाग तिरका झाला, एक टोक वर, एक खाली. कॉलर एका बाजूने गळ्याला काचत होती. एवढ्या उंची कापडात मास्तर इतके गबाळे दिसत होते की बायकोने तोंडाला पदर लावला.

"बटण लावा," लिफ्टमन म्हणाला.

मास्तरांनी लावलं. आणखीच वाईट दिसलं.

"वळा बरं. पाठ बघू."

मास्तर वळले. काही राहिलं का? मानेपाशी? मग मागून खुर्चीच्या पाठीला काठी टेकवून ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं. लिफ्टमन काठीशिवाय उभा होता, उजवा खांदा होता तसा सोडून, डावा हात पुढे करून. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"काढा आता, मास्तर," तो म्हणाला. "चुरगळेल. माझा आहे तो."